आतल्या खिशातली डबी

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी तुम्हाला वाटेल, ही कुठल्यातरी मोडक्या ट्रांझिस्टरची डबी असावी. आकाराने मी काडेपेटीहून थोडी मोठी. एकेकाळी माझा रंग दुधावरच्या साईसारखा होता, आता पिवळट झाला आहे. डोक्यावर बारीक भोकांची जाळी, बाजूला आवाज कमीजास्त करायचं दातेरी चाक, आणि कुशीतून निघणारी एक वायर. वायरीच्या टोकाला गोल चकती आणि तिच्यावर कानाच्या मापाचं बोंड. मी एक श्रवणयंत्र आहे. पण बोईसरजवळ बेटेगावात ज्या घरी माझं आयुष्य गेलं, तिथे मला या भारदस्त नावाने कुणी हाक मारली नाही. सगळे मला डबी म्हणायचे, म्हणून मीही स्वतःला डबीच म्हणते.

माझं काम अगदी सरळ. जाळीतून आवाज आत घ्यायचा, मोठा करायचा आणि वायरीतून कानात सोडायचा. पदरचं तिखटमीठ लावायचं नाही. अशा वस्तूला लाज कसली, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या वस्तूला रोज लपवतात, तिला हळूहळू वाटू लागतं की आपल्यातच काहीतरी खोट असणार. माझं नेमकं तसंच झालं.

कारखान्यात माझी चाचणी घेणाऱ्याने शेजाऱ्याला म्हटलं होतं, "हिचा आवाज बघ किती स्वच्छ आहे." त्या शब्दांवर मी कितीतरी दिवस काढले. मग १९८५ साली पालघरच्या एका शिबिरात माझी पेटी उघडली. समोर पाच वर्षांची इंदू आईच्या मांडीवर बसली होती. बोंड तिच्या कानात बसवलं, चाक फिरवलं आणि शिबिरातल्या बाईंनी तिच्या पाठीमागे स्टीलच्या ताटावर चमचा आपटला. इंदू दचकली आणि वळून बघू लागली. तिची आई साखरबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. वडील नागोराव नुसतेच म्हणत राहिले, "ऐकलं, ऐकलं तिनं." मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी फुगले होते की पेटीत परत मावले नसते.

माझी फुशारकी घरी पोचेपर्यंतच टिकली.

हे कुटुंब मूळचं नांदेडकडचं. नागोराव बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते आणि बेटेगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. घरात इंदू, तिचा थोरला भाऊ प्रताप आणि नागोरावांची आई. प्रतापचे कान ठणठणीत होते. नागोरावांच्या आईला साखरबाई आत्याबाई म्हणायची, कारण ती तिची खरोखरची आत्या होती. त्यांच्याकडे आत्याच्या मुलाला मामाची मुलगी देण्याची रीत. घरचा पाट घरातच राहतो, परकं कुणी येत नाही, याचा सगळ्यांना मोठा अभिमान.

आत्याबाईंनी मला इंदूच्या गळ्यात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ही काय घंटा बांधून आणली गळ्यात? लोकांनी बघितलं तर उद्या पोरीला कोण दारात उभं करील? आत घाल ती, आत!"

म्हणून इंदूच्या फ्रॉकला आतून खिसा शिवायचं ठरलं. पण साखरबाई सुईला हात लावीना. तिने कापड आणि दोरा घेतला आणि घरमालकीण भागीच्या ओट्यावर जाऊन बसली. मी इंदूच्या गळ्यात चालूच होते, त्यामुळे दोघींचं सगळं बोलणं माझ्या जाळीतून आत आलं.

"आण इकरं, मी शिवतंय," भागी म्हणाली. "पन तुला सुई धरता येत नाय, असा कसा?"

"येती की. इंदू झाल्यापासून धरली न्हाई."

मग साखरबाईने हळूहळू सांगितलं. १९८० च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण लागलं, तेव्हा इंदू तिच्या पोटात होती. रस्ते ओस पडले होते, घराघराची दारं बंद होती. गरोदर बाईने ग्रहणात चिरू नये, शिवू नये, नाहीतर पोराच्या अंगात खोट येते, असं सगळेच मानतात. नागोरावांची दुसरी पाळी होती आणि कंपनीच्या शर्टाचं बटण तुटलं होतं. ते म्हणाले, दोन टाके घाल, कोण बघतंय. तिने दोन टाके घातले. तेवढ्यात आत्याबाई झोपेतून उठल्या आणि त्यांनी तिच्या हातात सुई पाहिली.

"मंग तुजा घरवाला काय बोलला?" भागीने विचारलं.

"काय बोलणार? शर्ट घातला आणि कामावर गेले."

"आनि नंतर? पोरीला ऐकू येत नाय ते कललं तवा?"

"तवा पण गप्पच."

भागी थोडा वेळ शिवत राहिली. मग म्हणाली, "गरानात शिवायचा नाय, ता आमी पन पालतो बाय. पन बटान त्याचा होता ना?" साखरबाई दोरा बोटाला गुंडाळत राहिली. नवऱ्याचं नाव पुढे करायचीसुद्धा तिला लाज वाटत होती.

अशी मी आतल्या खिशात गेले. मित्रांनो, माझ्यावर कापड घातलं की काय होतं ठाऊक आहे? कापड जाळीला घासतं आणि ती खसखस मी इमानाने मोठी करून कानात सोडते. इंदू बिचारी वर्षानुवर्षं माणसांपेक्षा स्वतःच्या फ्रॉकचाच आवाज जास्त ऐकत आली. पालघरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाई तिला दारातच सांगायच्या, "डबी बाहेर काढ." ती काढायची. घरी परतताना गाडीतून उतरायच्या आधी पुन्हा आत सरकवायची. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. लाज ही शिकवावी लागत नाही, घरात असली की मुलं ती आपोआप उचलतात.

माझी आणखी एक खोड होती. बोंड कानात सैल बसलं की चकतीतला आवाज परत माझ्याच जाळीत शिरतो आणि मी शिट्टी मारते. ती बारीक, कान किटवणारी शिट्टी सगळ्या घराला ऐकू जायची, फक्त इंदूला नाही. लोकांचे चेहरे वाकडे झाले की तिला कळायचं, आणि मग तिचा हात झटकन छातीवर येऊन मला बंद करायचा. आत्याबाई तर मलाच शिव्या घालायच्या. "बाईच्या जातीला शिट्टी शोभती का गं, रांडे?" मी मुकाट ऐकून घेई.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या. इंदूची वेणी त्याच घालायच्या आणि शेवेच्या लाडवातला मोठा लाडू तिलाच द्यायच्या. पण ग्रहणाचं नाव निघालं की त्यांच्या जिभेला हाड नसे. उंबऱ्यात बसून त्या इंदूला समोर घ्यायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "इंदे, तुझ्या आईनं तेवढी दुपार हात आवरला असता, तर आज तू रेडूवरची गाणी ऐकली असतीस बघ." बोलायचं नातीशी, पण लागायला हवं आत चुलीशी बसलेल्या सुनेला. लेकी बोले सुने लागे. बहिऱ्या मुलीशी ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे निमित्तही आयतंच होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहायचा, थप थप, एका लयीत. तो एकदाही चुकला नाही. आणि ते बोलणं मोठं करून लेकीच्या कानात पोचवायचं काम माझ्याकडे. मला बंद पडावंसं वाटायचं, पण सेल ताजे असले की काही इलाज नसतो.

इंदू अठरा वर्षांची झाली तेव्हा शिबिरात मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या घरच्यांचं रक्त त्या तपासत होत्या. इंदू, प्रताप आणि आईवडील अशा चौघांचं रक्त त्यांनी नेलं आणि काही महिन्यांनी सगळ्यांना पालघरला बोलावलं. प्रतापची कारखान्यात पाळी असल्यामुळे तिघंच गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लग्नाआधी तुमचं काही नातं होतं का?"

"ते माझ्या आत्याचे," साखरबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि समजावून सांगू लागल्या. इंदूबरोबर मीही ऐकत होते. कानाच्या खूप आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात खारं पाणी असतं आणि पेशींच्या रांगा असतात. पेशींच्या डोक्यावर केसाहून बारीक लव असते. आवाज आला की पाणी हलतं, लव वाकते, पाण्यातला क्षार पेशीत शिरतो आणि मेंदूला निरोप जातो.

"खाडीकाठची मिठागरं बघितलीत ना?" त्या म्हणाल्या. "एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात जायला बांधाला तोंड ठेवतात. तसंच आहे हे. निरोप गेला की तो क्षार या पेशीतून त्या पेशीत असा परत न्यावा लागतो. त्यासाठी शेजारशेजारच्या पेशींमध्ये छोटी दारं असतात. अर्धं दार ही पेशी बांधते, अर्धं शेजारीण. ते कसं बांधायचं, ती सूचना आपल्या जनुकात लिहिलेली असते. इंदूच्या सूचनेत एक अक्षर बदललंय. त्यामुळे पेशीला वाटतं, वाक्य इथेच संपलं. पुढचं ती वाचतच नाही. दार तयार होत नाही आणि क्षार वाहायचा थांबतो."

या सूचनेच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एक चांगली असली तरी ऐकू नीट येतं. साखरबाईकडे एक चांगली, एक बिघडलेली. नागोरावांकडेही तसंच. प्रतापलाही एक बिघडलेली मिळाली होती, पण दुसरी चांगली होती. इंदूच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. साखरबाई आणि नागोराव एकाच घराण्यातले, म्हणजे ती बिघडलेली प्रत बहुधा एकाच पूर्वजाकडून दोघांकडे उतरली होती.

मित्रांनो, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी स्वतःला त्या मुलीचा कान समजत होते. प्रत्यक्षात जिथे दारच बांधलं गेलं नव्हतं, तिथे उभी राहून मी नुसती आरडाओरडा करत होते.

साखरबाईने एवढंच विचारलं, "आणि ग्रहण?"

"कसलं ग्रहण?"

तिने अडखळत सुईची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"इंदू कधीची?"

"जूनातली."

"मग ग्रहणाच्या वेळी पोटातल्या बाळाचा कान घडून झाला होता, बाई. त्याला वेटोळं पडलं होतं. आणि सूचना तर पहिल्याच दिवशी ठरली होती, बाळ मोहरीएवढंही नव्हतं तेव्हा. सुईचा काहीएक संबंध नाही. यात तुमचा दोष नाही, कुणाचाच नाही."

साखरबाई हसली नाही, रडली नाही. अठरा वर्षं डोक्यावर वाहिलेलं ओझं कुणी एकदम काढलं तर मान लगेच सरळ होत नाही. नागोराव खाली मान घालून आपल्या शर्टाच्या बटणांकडे बघत होते.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रतापचं लग्न नात्यात करणार असाल, तर आधी मुलीचंही रक्त तपासून घ्या."

इथेच तर सगळी गोम होती. येत्या रविवारी प्रतापची सुपारी फुटायची होती आणि मुलगी होती साखरबाईच्या भावाची, खंडेरावांची. घरचा पाट पुन्हा घरातच.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या चिडल्या. "रक्तात खोट? आमच्या घराण्यात?" मग त्यांच्या लक्षात आलं की ती खोट त्यांच्याकडूनच नागोरावांकडे आली असणार, आणि साखरबाईकडे आली ती त्यांच्याच भावाकडून. त्यांचा आवाज एकदम बसला. पण लाज आली की माणूस ती आधी दुसऱ्याच्या पदरात टाकायला बघतो. त्या साखरबाईला म्हणाल्या, "सुपारी फुटेपर्यंत गप ऱ्हा. कुणी इचारलं तर ग्रहणानं झालं म्हण. एवढी वर्सं सोसलंस, अजून एक दिस सोस."

साखरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नागोराव म्हणाले, "माय म्हणती ते खरं. उगं पाव्हण्यात बोभाटा नको."

ग्रहणाची गोष्ट इतकी वर्षं का जपली गेली, ते मला तेव्हा उमगलं. दोष एका बाईच्या सुईत असला की घराण्याचं रक्त स्वच्छ राहतं. सगळ्यांची सोय होती, फक्त तिची नव्हती. आणि आता तिला ठरवायचं होतं, खरं माहीत असताना तो खोटा दोष पुन्हा आपल्या हाताने अंगावर घ्यायचा की नाही. गप्प राहिली तर याच घरात इंदूसारखं आणखी एक लेकरू जन्माला येऊ शकत होतं आणि आणखी एक आई आपल्या हातांकडे बघत बसली असती.

रविवारी सकाळी आत्याबाईंनी मला इंदूच्या खिशातून काढलं. "आज ही नगं," म्हणत त्यांनी मला वायरीसकट पोह्यांच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. मला बंद कसं करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी शिकून घेतलंच नव्हतं.

पाहुणे आले. सतरंजी अंथरल्याचा आवाज मी ऐकला. खंडेराव म्हणत होते, "आत्या, आता उशीर नको. सुपारी आणलीय." आणि नेमकी तेव्हाच पोह्यांत रुतलेली माझी चकती घसरून जाळीवर आली.

मी शिट्टी मारली. पत्र्याच्या डब्यात ती केवढी घुमली म्हणून सांगू!

"कुकर लागलाय का?" कुणीतरी विचारलं.

"शेजारचा रेडू असल," आत्याबाई म्हणाल्या.

डब्यातून मला काय दिसणार? पुढचं इंदूने दुसऱ्या दिवशी आपल्या खुणांच्या भाषेत भागीला करून दाखवलं, तेव्हा मला कळलं. इंदू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिला शिट्टी ऐकू येत नव्हती. ती हसतमुखाने कप पुढे करत होती. मग तिला सगळ्यांचे वाकडे झालेले चेहरे दिसले. तिचं हसू मावळलं, आणि सवयीने तिचा हात मला बंद करायला छातीवर गेला. तिथे मी नव्हतेच. रिकाम्या कपड्यावर तिची बोटं चाक शोधत राहिली.

ते साखरबाईने पाहिलं.

ती उठली, आत आली, झाकण उघडलं. पोहे झटकून मला बाहेर घेऊन गेली. सगळ्यांसमोर तिने बोंड इंदूच्या कानात नीट बसवलं. मी एकदम गप्प झाले. तिने मला लेकीच्या ड्रेसवर बाहेरून धरलं आणि माझ्या जाळीशी तोंड आणून म्हणाली, "इंदू, ऐक. तुझा कान माझ्या सुईनं गेला न्हाई. ग्रहणानं न्हाई गेला." मग ती भावाकडे वळली. "दादा, डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलंय. एक खोट माझ्याकडनं आली, एक ह्यांच्याकडनं. दोन्ही आपल्याच घरातल्या. प्रतापकडं पण एक हाय. आधी तुझ्या पोरीचं रक्त तपास, मग सुपारी फोड."

खंडेरावांनी इतकी वर्षं दर भाऊबीजेला बहिणीला ग्रहणावरून चार शब्द सुनावले होते. ते आता सतरंजीची दशी ओढत बसले. मग नागोरावांचा आवाज आला, इतका बारीक की मला तो फार मोठा करावा लागला. "खंडेराव, त्या दिवशी बटण माझं तुटलं होतं. सुई मीच दिली हिच्या हातात."

सुपारी खंडेरावांनी न फोडताच खिशात ठेवली. पुढे त्यांच्या मुलीचं रक्त तपासलं तर तिच्यातही एक प्रत बिघडलेली निघाली. दोघांची लग्नं पुढे दुसऱ्या घरी झाली. त्या वर्षी भाऊबीजेला खंडेराव आले, पण ओवाळून घेताना बहिणीच्या डोळ्याला डोळा देईनात.

आत्याबाईंनी तर बोलणंच टाकलं. एकदा दुपारी इंदू न्हायला बसली होती आणि मी कोनाड्यात कापसावर चालूच पडले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आत्याबाई हळूच आल्या, माझ्यापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." मी ते शब्द घेतले, मोठे केले आणि बोंडातून बाहेर सोडले. पण बोंडापुढे कान नव्हता, भिंत होती. उभ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. म्हातारीने एवढा जीव गोळा करून ते शब्द काढले, आणि मी ते भिंतीला सांगितले.

त्यांनाही ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंदूला उंबऱ्यात समोर बसवलं आणि बोंड स्वतःच्या हाताने तिच्या कानात घालू लागल्या. नीट बसेना, मी शिट्टी मारली. त्यांनी शिवी दिली नाही. पुन्हा दाबून बसवलं. मग नेहमीसारख्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "इंदे, तुझ्या आईचं काई चुकलं नव्हतं गं. माझंच चुकलं."

आतली भाकरीची थाप थांबली. मी या घरात आल्यापासून, चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

इंदूला सगळं नीट ऐकू आलं नव्हतं. मी तरी किती करणार? मध्ये तो आतला खिसा होता, त्याचं कापड घासत होतं. तिने भुवया उंचावल्या आणि आपल्या जड बोलीत विचारलं, "का...य? पर...त सांग."

आत्याबाईंना ते परत सांगावं लागलं, आणखी मोठ्याने. आवाज फाटला, तरी त्यांनी सांगितलं.

थोड्या वेळाने साखरबाई पिठाचे हात धुऊन बाहेर आली. तिच्या हातात सुईदोरा होता. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, दोरा ओवेना. आत्याबाईंनी सुई घेतली, दोरा ओवून परत दिला. साखरबाईने इंदूचा आतला खिसा उसवला आणि तोच बाहेरून, छातीवर, सगळ्यांना दिसेल असा शिवला.

मित्रांनो, आता इंदूला कानामागे बसणारं नवं यंत्र मिळालं आहे. मी त्याच खिशात, खुंटीवर टांगलेल्या तिच्या जुन्या ड्रेसमध्ये असते. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत माझी कुणी बहीण कुणाच्या गळ्यात दिसली, तर तिच्यावर कापड ओढू नका आणि तिच्या शिट्टीला हसू नका. आणि कुणाचं मन दुखावलं असेल, तर माफी माझ्यासारख्या कोनाड्यातल्या डबीपाशी मागू नका. त्या माणसासमोर बसा आणि त्याला ऐकू जाईपर्यंत सांगा. पुन्हा सांग म्हणाला, तर पुन्हा सांगा.